रॉड बोलतो, पण थांबायला वेळ कोण देतो?



कामगाराच्या हाताची किंमत ठरवायला आजवर कितीतरी वेतन आयोग बसले, समित्या झाल्या, करार झाले. डोळ्यांची तपासणीही होते. रेल्वेत तर नजर कमी झाली की माणसाचे पद बदलते. पण कानाने होणाऱ्या कामाची नोंद आम्हाला कोणत्याच पगारपत्रकात दिसलेली नाही.

वास्तविक आपली दोन्ही खाती कानावर वाढली. गाडी फलाटाला लागली की कॅरेज-वॅगनचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जाई. खणखणीत वाजले तर चाक ठीक, बद्द वाजले तर संशय. कीमन रोज आपल्या हद्दीतून मैलोन्‌मैल चालतो आणि हातोडीच्या ठोक्यावरून ओळखतो की चावी घट्ट आहे की सैल. टपाल आणि तार खाते एक होते त्या काळात तारबाबू यंत्राची कडकट्ट कानाने ऐकत आणि हाताने सरळ मजकूर लिहीत. १९०८ साली याच सिग्नलर मंडळींनी संप केला, तेव्हा सरकारला त्या कानांची किंमत कळली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाच बंद झाली आणि ते कौशल्य तारबाबूंच्या पेन्शनीबरोबर घरी गेले. त्याची दप्तरी नोंद म्हणून काय उरले? काही नाही.

आज आम्ही ज्या आवाजाबद्दल लिहीत आहोत तो या सगळ्यांपेक्षा लहान आहे. आर्गन वेल्डिंग करताना वेल्डर जोडात रॉड घालतो, त्या क्षणी होणारा आवाज. एवढ्याशा आवाजावर संघटनेच्या मासिकात लेख कशाला, असे कोणाला वाटेल. लेख पुरा वाचावा. या आवाजात मजुरीचा, कामाच्या वेळेचा आणि कामगाराच्या अब्रूचा प्रश्न आहे.

आर्गनचे काम आपल्या दारात आले आहे

आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग. १९४० नंतरच्या काही वर्षांत, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या विमान कारखान्यांत हे तंत्र कामाला लागले. टॉर्चमध्ये टंग्स्टनची टोकदार काडी असते. ती स्वतः जोडात वितळून पडत नाही, फक्त आर्क देते. भोवती आर्गन वायूचे पांघरूण असते, म्हणजे हवा तापलेल्या धातूला शिवत नाही. वेल्डरच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात उघडी धातूची तार. तिलाच आपण फिलर रॉड म्हणतो. आर्कने धातूचा रस होतो आणि त्या रसात वेल्डर रॉडचे टोक बुडवून उचलतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा उचलतो.

रेल्वेत पूर्वी साध्या पोलादाचे डबे होते, तेव्हा दांडी-वेल्डिंगवर बरेचसे भागत असे. २०१८ साली चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याने जुन्या धाटणीचा शेवटचा डबा बाहेर काढला आणि नवे डबे स्टेनलेस स्टीलचे आले. संडासाच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या, नळ्या, पँट्रीचे ओटे सगळे स्टेनलेसचे. पातळ स्टेनलेसला आर्गन लागते. या कामाचा मोठा भाग बाहेरच्या शेडमध्ये कंत्राटी वेल्डरकडून होतो. तेव्हा हा प्रश्न आपला नाही, असे रेल्वे कामगाराने म्हणू नये.

आवाजाच्या बाबतीत हे काम बाकीच्या वेल्डिंगपेक्षा उलटे आहे. दांडी-वेल्डिंग चालू असते तेव्हा कढईत भजी तळल्यासारखा आवाज सारखा येतो आणि तो चांगल्या कामाचा आवाज असतो. मिग वेल्डिंगमध्येही एकसारखी तडतड असली की वेल्डर खूश असतो. टिगमध्ये चांगले काम जवळजवळ मुके असते. आवाज वाढला की समजावे, काहीतरी बिघडले.

तंजावरच्या शेडमध्ये

हे आम्हाला नीट उमजले ते तंजावरला. आम्ही स्वतः वेल्डर नाही. जे लिहितो ते वेल्डर बांधवांकडून शिकलेले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात युनियनच्या कामानिमित्त आम्ही तिकडे होतो. मराठी माणसाला तंजावर परके नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते, आणि बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी लेख आजही आहे. कामगार माणसाच्या दृष्टीने त्या मुलखाची दुसरी ओळख आहे. तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे पन्नासेक किलोमीटर जाताना लागते तिरुवेरुंबूर, तिथे भेलचा बॉयलरचा कारखाना. पुढे पोन्मलई, म्हणजे गोल्डन रॉक, तिथे रेल्वेचा मोठा कारखाना. भेलच्या आवारात १९७५ साली वेल्डिंग संशोधन संस्था निघाली. त्या रस्त्याला लागून लहानमोठ्या फॅब्रिकेशन शेडची रांग उभी राहिली. उच्च दाबाच्या बॉयलरच्या नळीचा पहिला थर आर्गननेच भरतात, त्यामुळे या पट्ट्यात आर्गनचे हात पुष्कळ तयार झाले. पुढे कोळशाच्या वीज प्रकल्पांची कामे आटली आणि ते हात मिळेल त्या कामाला लागले.

असाच एक वेल्डर आम्हाला तंजावरच्या बाहेर एका शेडमध्ये भेटला. वय चाळिशीचे. घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. पूर्वी कंत्राटदाराकडे बॉयलरच्या नळ्या जोडत होता, आता भातगिरणीच्या स्टेनलेस नळ्या जोडतो. त्याची मराठी निम्मी आम्हाला कळत होती, निम्मी हातवाऱ्यांवर भागत होती. आमच्यापाशी काळी काच नव्हती. तो म्हणाला, "अण्णा, पाठ करून उभे राहा. बघू नका, नुसते ऐका." तमिळमध्ये आवाजाला 'सत्तम्' म्हणतात. तो म्हणे, "सत्तम् बरोबर, तर काम बरोबर."

पाठ करून आम्ही जे ऐकले आणि त्याने जे समजावले, ते क्रमाने देतो.

आधी बटण दाबल्यावर वायूचा 'सूं' असा आवाज आला. मग 'टर्र' झाले आणि आर्क लागला. त्यानंतर फक्त मंद फुसफुस. त्या फुसफुशीत ठराविक अंतराने एक अगदी बारीक 'टिक' येत होता. तो रॉडचा. रॉड रसाला टेकला की रस थोडा वर चढतो, आर्क किंचित आखूड होतो आणि आवाज क्षणभर बसतो. रॉड उचलला की पूर्ववत. टिक, टिक, टिक, एका लयीत. ही लय चालू आहे तोवर वेल्डरचे मन शांत असते.

मग त्याने मुद्दाम रॉडचे टोक वायूच्या पांघरुणाबाहेर ओढले, लाल असतानाच हवेत धरले आणि पुन्हा आत घातले. लगेच 'तडतड' झाली, मोहरी टाकल्यासारखी. लाल टोकाला हवा लागली की त्यावर काळी पपडी धरते आणि ती पपडी रसात गेली की रस कुरकुरतो. रॉडवर तेलाचा हात असेल, ओल असेल, गंज असेल तरी हीच तडतड. ओलीतून आणि तेलातून वायू सुटतो, रसातून फुटून बाहेर पडतो आणि जो बाहेर पडू शकत नाही तो आत बारीक छिद्र होऊन राहतो.

तिसरा आवाज 'चट्ट'. रॉड चुकून टंग्स्टनच्या टोकाला लागला की हा येतो. त्यानंतर आर्क सरळ राहत नाही, आवाज खरखरीत होतो. इथे एकच उपाय: काम थांबवायचे, टंग्स्टनला पुन्हा धार लावायची आणि जोडातला बिघडलेला भाग घासून काढायचा.

चौथा आवाज 'टप्प'. रॉड रसापर्यंत न नेता वर आर्कमध्येच धरला तर त्याचा थेंब होऊन खाली पडतो. थेंब पडला म्हणजे धातू जोडला गेला असे नाही. तो नुसता वर बसलेला असू शकतो.

पाचवा वायूचा. 'सूं' फार मोठा झाला म्हणजे वायू जास्त सोडला आहे. मिनिटाला आठ-दहा लिटरवर जे काम भागते तिथे त्याच्या दुप्पट सोडला की वायू घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. वायू कमी पडला तरी तडतड, जास्त झाला तरी तडतड.

ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी वेगळी. तिथे एसी करंट लागतो आणि आर्क सारखा गुणगुणतो. आपल्या विजेचे सेकंदाला ५० फेरे, प्रत्येक फेऱ्यात आर्क दोनदा उसळतो, म्हणून सेकंदाला १०० चा घुमारा. नव्या इन्व्हर्टर मशीनवर फेरे वाढवता येतात, मग सूर चढतो. या गुणगुणीतून रॉडची तडतड वेगळी ओळखणे हे खरे कसब. ॲल्युमिनियमवरची पपडी सुमारे २०५० अंशाला वितळते, खालचा धातू ६६० ला. त्या पपडीत ओल धरते. वितळलेले ॲल्युमिनियम ओलीतला हायड्रोजन भरपूर पिते आणि थिजताना तो सोडून देते. त्याचीच छिद्रे होतात. जुना वेल्डर रॉड पुसल्याशिवाय ॲल्युमिनियमला हात लावत नाही तो याचसाठी.

ऐकले, पण थांबता आले नाही

आता मुद्द्यावर येतो. आम्ही त्या वेल्डरला विचारले, "तडतड ऐकली की तुम्ही काय करता?"

तो हसला. म्हणाला, "घरचे काम असेल तर थांबतो. मालकाचे असेल तर मालकाच्या तोंडाकडे बघतो."

थांबायचे म्हणजे काय करायचे? आर्क सोडायचा, वायू बंद होईपर्यंत टॉर्च तिथेच धरायचा, रॉडचे बिघडलेले टोक कापायचे, उरलेला रॉड ॲसिटोनच्या फडक्याने पुसायचा, जोडातला डाग घासायचा, लागलीच तर टंग्स्टनला धार लावायची. सगळे मिळून काही मिनिटांचे काम. पण बाहेरच्या शेडमध्ये मजुरी दिवसावर नसते, जोडावर असते. जोड पुरा झाला तर पैसे. रॉड पुसायचे पैसे नाहीत, टोक कापायचे पैसे नाहीत, टंग्स्टन घासायचे तर नाहीतच. उलट कापलेले तुकडे खाली फार पडले तर माल वाया घालवतो म्हणून बोलणी.

त्यात तंजावरची हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. शेडच्या पत्र्याखाली कोंदट उकाडा. रॉडचा पुडका एकदा फोडला की उघडाच पडून राहतो. पंखा लावला तर वारा आर्गन उडवून नेतो आणि तडतड सुरू होते. पंखा बंद केला तर घाम हातमोज्यातून रॉडवर उतरतो आणि पुन्हा तडतड सुरू होते. वेल्डरने करावे काय? आडोशाला पडदा बांधून वारा टॉर्चपासून तोडता येतो, दूषित हवा खेचणारा पंखा योग्य जागी बसवता येतो. हा खर्च मालकाचा आहे. तो होत नाही, म्हणून भरपाई वेल्डरच्या घामातून होते.

पुढे तो जोड एक्स-रेला जातो. फिल्मवर छिद्र काळा ठिपका होऊन दिसते, टंग्स्टनचा कण पांढरा ठिपका होऊन दिसतो. इन्स्पेक्टर शेरा मारतो, जोड नापास. आणि दोष कोणाच्या नावावर? वेल्डरच्या. जोड घासून पुन्हा भरायचा तो फुकट, वर कपात. पूर्वी तो ज्या कंत्राटदाराकडे होता त्याच्याकडे हाच रिवाज होता, असे तो म्हणाला.

बंधूंनो, यातला अन्याय नीट पाहा. एक्स-रेने जो दोष नंतर सांगितला, तो वेल्डरच्या कानाने त्याच क्षणी सांगितला होता. तो ऐकूनही त्याला पुढे जावे लागले, कारण थांबण्याचे पैसे नव्हते. म्हणजे कारण व्यवस्थापनाचे, नाव कामगाराचे! अकुशल म्हणून ज्याच्यावर शिक्का बसतो, त्याच माणसाला बिघाड सर्वांच्या आधी कळलेला असतो.

टपाल खात्यातल्या बांधवांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तुमच्याकडे कामाचे माप मिनिटांत ठरते. ग्रामीण डाक सेवकांचा भत्ता तर चार तासांचे काम की पाच तासांचे, यावरच ठरतो. पत्ता अपुरा असेल, अक्षर लागत नसेल, म्हाताऱ्या माणसाला पैसे मोजून समजावून द्यायचे असतील, त्याची मिनिटे मापात धरतो कोण? ती कर्मचारी आपल्या जेवणाच्या सुट्टीतून देतो. वेल्डरचा रॉड पुसण्याचा वेळ आणि पोस्टमनचा पत्ता शोधण्याचा वेळ, दोन्ही एकाच जातीचे. काम चांगले व्हायला लागणारा वेळ मापाबाहेर ठेवायचा आणि काम वाईट झाले की माणूस मापात घ्यायचा, ही जुनी रीत आहे.

कानाने सर्व कळते असे नाही

व्यवस्थापनाची बाजू आम्ही ऐकली नाही असे कोणी म्हणू नये. त्यांचे म्हणणे असे की आवाज हा पुरावा होत नाही; एक्स-रे हा पुरावा. यात तथ्य आहे. कानाला न कळणारे दोष आहेत. जोडाच्या बाजूला धातू नीट एकजीव झाला नाही तर आवाज येतोच असे नाही. स्टेनलेसच्या नळीत आतून आर्गन भरला नाही तर आतल्या बाजूला धातू जळून साखरेसारखा खरबरीत होतो, आणि बाहेर वेल्डरला सगळे शांत ऐकू येते. म्हणून एक्स-रे हवा, वाकवून पाहण्याची चाचणी हवी, तपासणीस हवा. कान त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पण एक्स-रे जोड पुरा झाल्यावर बोलतो आणि कान जोड होत असताना बोलतो. नंतरच्या पुराव्यासाठी फिल्म, यंत्र, इन्स्पेक्टर या सर्वांवर खर्च होतो, तर आधीच्या इशाऱ्यासाठी दोन मिनिटे का मिळू नयेत? आणि आवाजाला किंमत नसती तर रेल्वेने रुळाकाठी मायक्रोफोन बसवून धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज टिपणारी यंत्रे का घेतली असती? यंत्राच्या कानासाठी टेंडर निघते. माणसाच्या कानासाठी कापसाचा बोळा मागायला सुद्धा तीनदा जावे लागते.

कान टिकला तर कसब टिकेल

टिगचा स्वतःचा आवाज साध्या बोलण्यापेक्षा फार मोठा नसतो. पण टिगवाला वेल्डर एकटा बसत नाही. शेजारी ग्राइंडर चालतो, पलीकडे पत्रा ठोकतात. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली. हातातला ग्राइंडर तिच्या सहज वर जातो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. यादीत रोग आहे, पण आपल्यापैकी किती जणांची कानाची तपासणी झाली आहे?

या बहिरेपणाचा एक कावा कामगाराने ध्यानात ठेवावा. तो एकदम येत नाही. आधी वरच्या पट्टीचे बारीक आवाज जातात, सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपासचे. माणसाचे बोलणे ऐकू येत असते, म्हणून त्याला वाटते आपला कान ठीक आहे. पण फुसफुस आणि बारीक तडतड यांत वरच्या पट्टीचाच भाग मोठा. म्हणजे शेजारच्या ग्राइंडरने वेल्डरचे आधी तेच नेले, ज्यावर त्याचे कसब उभे आहे. पुढे जोड नापास होऊ लागले की साहेब म्हणतो, आताशा याचा हात चालत नाही. हाताला काही झालेले नसते.

शांतपणाचा आणखी एक धोका आहे. टिगमध्ये धूर कमी दिसतो, आवाज कमी येतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण त्याच्या प्रखर किरणांनी हवेत ओझोन तयार होतो, विशेषतः स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या कामात. तो दिसत नाही. आर्गन हवेपेक्षा जड. टाकीत उतरून काम करताना तो तळाला साचतो आणि माणूस आवाज न करता गुदमरतो. लाल खुणेच्या टंग्स्टनमध्ये थोरियम असते. ते घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी, नाकात जाऊ देऊ नये. थोरियम नसलेल्या काड्या बाजारात मिळतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. हे धोके कानाला कळत नाहीत, म्हणून तिथे संघटनेचा आवाज लागतो.

१९२८ चा धडा

परीक्षेत आवाजाचा समावेश करा, अशी मागणी करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ती गोल्डन रॉकच्याच इतिहासातून शिकावी. १९२८ साली दक्षिण भारत रेल्वे कंपनी आपले कारखाने तिथे एकत्र आणत होती. नागपट्टिणमचा जुना कारखानाही तिकडे जायचा होता. त्या निमित्ताने तीन हजारांवर कामगार कमी करायचे ठरले आणि कोण राहील, कोण जाईल हे ठरवायला ट्रेड टेस्ट पुढे आणली. कामगारांनी ओळखले की ही कसबाची परीक्षा नाही, ही गाळण्याची चाळणी आहे. त्या वर्षीच्या जून-जुलैत संप झाला. तो मोडला गेला. सिंगारवेलू चेट्टियार आणि मुकुंदलाल सरकार यांच्यासारख्या पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या.

त्या कामगारांना परीक्षेची भीती नव्हती. परीक्षा कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हा त्यांचा सवाल होता. आपलाही तोच आहे. कान तपासा म्हणणे सोपे आहे. पण उद्या कानाचा रिपोर्ट हातात घेऊन पन्नाशीच्या वेल्डरला घरी पाठवायचे ठरले, तर ही मागणी आपल्याच अंगावर उलटेल. म्हणून तपासणीबरोबर संरक्षण मागितले पाहिजे.

आमच्या मागण्या

एक, आर्गनच्या प्रत्येक कामात रॉड पुसणे, टोक कापणे, टंग्स्टनला धार लावणे आणि जोड साफ करणे याचा वेळ कामाच्या मापात धरावा. जोडावर मजुरी असेल तर जोडाच्या दरात तो धरावा. रेल्वे ज्या कंत्राटदाराला काम देते त्याच्या करारातही ही अट असावी.

दोन, रॉड टाकताना आवाज बिघडला तर आर्क सोडून थांबण्याचा वेल्डरला हक्क असावा. थांबल्याबद्दल कपात नाही, मेमो नाही. जीवाला धोका असेल तर तो कळवण्याची तरतूद कायद्यात आहे. जोडाला धोका असताना थांबण्याची नाही. ती आपल्याला करारातून मिळवावी लागेल.

तीन, वेल्डरने थांबून कळवलेला बिघाड वहीत नोंदवावा: वारा, ओला रॉड, कमी वायू, जे असेल ते. पुढे एक्स-रेमध्ये दोष निघाला तर आधी ती वही पाहावी, मग वेल्डरचे नाव घ्यावे.

चार, टिगच्या जागेला वाऱ्याचा आडोसा, दूषित हवा खेचणारा पंखा, रॉड ठेवायला बंद डबा द्यावा आणि ग्राइंडरची जागा वेगळी असावी.

पाच, वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हावी आणि रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात मिळावी. ऐकू कमी येते म्हणून कोणाचेही वेतन किंवा ज्येष्ठता कमी होता कामा नये. पर्यायी काम त्याच वेतनात द्यावे.

सहा, शिकाऊ मुलांना आवाज ओळखायला शिकवावे. आयटीआयमध्ये आणि रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत एक तास असा असावा की उस्तादाने स्वच्छ रॉड, तेलकट रॉड, जळलेल्या टोकाचा रॉड एकामागून एक घालून दाखवावा आणि मुलांनी पाठ करून ऐकावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. निवृत्तीला आलेला एक वेल्डर आणि अर्धा सिलिंडर आर्गन पुरतो.

आपल्यातलेच काही म्हणतील की थांबत बसलो तर दिवसाची कमाई जाईल. खरे आहे. एकटा थांबेल त्याची जाईल. म्हणूनच ही गोष्ट एकट्या वेल्डरच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. शेडमधल्या सर्वांचे माप एकदम बदलले तर कोणाचीच जाणार नाही, आणि नापास जोड पुन्हा भरण्याची फुकट मेहनतही वाचेल.

सर्व शाखांना आमची विनंती आहे. माटुंग्याला, परळला, सोलापूरला, नागपूरला, जिथे जिथे आर्गनचे काम चालते तिथे आधी वेल्डरशी बोला. कायम असो की कंत्राटी, भेद करू नका. त्याला विचारा, रॉड तडतडला तर तुला थांबता येते का? मिळेल ते उत्तर तारखेसह लिहून घ्या आणि पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेवर घाला. टपाल बांधवांनीही आपल्या मापाबाहेरच्या मिनिटांची अशीच यादी करून जे.सी.एम. मध्ये न्यावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मागणी एकच आहे हे दिसेल: चांगले काम करायला जो वेळ लागतो, तो कामाचाच वेळ आहे.